क्षमा मिळाली, तरी लाज का जात नाही?

ख्रिस्ती पाळकांकडे आणि समुपदेशकांकडे एक तक्रार पुन्हा पुन्हा येते, आणि ती घेऊन येणारी माणसं बहुधा श्रद्धेने पक्की असतात. "मी पाप कबूल केलं. देवाने क्षमा केली यावर माझा विश्वास आहे. मग अजून मान वर का होत नाही?" यावर ठरलेलं उत्तर मिळतं: विश्वास वाढव, आणखी प्रार्थना कर. माणूस घरी जातो, आणखी प्रार्थना करतो, आणि काही दिवसांनी त्याच्या जुन्या लाजेत एका नव्या लाजेची भर पडते. आता त्याला आपली श्रद्धा कच्ची असल्याचीही लाज वाटू लागते.

माझ्या मते अशा वेळी श्रद्धा कमी पडत नाही, उपाय चुकतो. क्षमा ज्या दुखण्यावर लागू पडते ते दुखणं वेगळं आणि लाज वेगळी. ख्रिस्ती श्रद्धेत लाजेवरही उपाय आहे. पण उपदेशांत पाप आणि क्षमा यांवर इतका भर असतो की तिकडे लक्ष जायला सवडच मिळत नाही.

खंत केल्याची, लाज असल्याची

मानसशास्त्रज्ञ हेलन ब्लॉक लुईस यांनी १९७१ मध्ये हा फरक नेमका मांडला आणि पुढचं बरंचसं संशोधन त्याच पायावर उभं राहिलं. खंत आपल्या कृत्याबद्दल असते: 'मी वाईट केलं.' लाज आपल्या अख्ख्या असण्याबद्दल असते: 'मी वाईट आहे.' या लेखात हे दोन शब्द याच अर्थाने वापरले आहेत.

एकाच प्रसंगातून दोन्ही उगवू शकतात. समजा, एखाद्याने मित्राचं गुपित चारचौघांत फोडलं. खंत वाटली तर तो मित्राला गाठेल, चुकलो म्हणेल, झालेलं नुकसान भरून काढायला धडपडेल. लाज वाटली तर तो त्याचा फोन उचलणार नाही, समोरून येताना दिसला तर वाट बदलेल, आणि कुणी विषय काढलाच तर 'त्याने तरी मला कशाला सांगावं?' म्हणून उसळेल. खंतेमुळे माणूस समोरच्याकडे जातो. लाज त्याला लपायला लावते, आणि लपता आलं नाही की अंगावर धावून जायला लावते.

येशूने शिकवलेल्या प्रभूच्या प्रार्थनेत आपण म्हणतो, 'जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे, तशी तू आमची ऋणे आम्हांस सोड.' ऋणाची उपमा खंतेला चपखल बसते. कर्जाला आकडा असतो, देणं कुणाचं आहे ते ठाऊक असतं, आणि देणेकऱ्यासमोर सावकाराने कागद फाडला की व्यवहार मिटला. लाजेने पिचलेल्या माणसाला मात्र आपल्यावर कर्ज आहे असं वाटत नसतं, आपण स्वतःच बुडीत खातं आहोत असं वाटत असतं. त्याच्यासमोर कागद फाडला तरी तो दुसऱ्या कुणाचा असावा असंच त्याच्या मनात येतं. क्षमेचं वचन तो मानतो, इतरांना समजावूनही सांगतो, फक्त स्वतःला लावून घेऊ शकत नाही.

शरीराला आधी कळतं

लाजेने चेहरा लाल होतो, मान खाली जाते, खांदे पडतात, नजर भिडवता येत नाही. चार्ल्स डार्विनने १८७२ मध्ये भावनांच्या अभिव्यक्तीवर लिहिताना माणसाच्या सगळ्या हावभावांत चेहरा लाल होणं हे सर्वांत आगळं आणि सर्वांत मानवी ठरवलं. त्याचं निरीक्षण असं की दुसरा आपल्याबद्दल काय विचार करत असेल या विचाराने हे घडतं. म्हणजे खोलीत एकटे असतानाही लाजेसाठी एक प्रेक्षक लागतो, मग तो मनातला का असेना.

हा प्रेक्षक किती जोरदार काम करतो ते मोजलंही गेलं आहे. जर्मनीतल्या ट्रियर विद्यापीठातल्या संशोधकांनी १९९३ मध्ये ताण मोजण्याची एक चाचणी मांडली. थोड्या तयारीनंतर तुम्हाला परीक्षकांसमोर उभं करून पाच मिनिटं भाषण करायला सांगतात. मग १०२२ मधून १३ वजा करत जायचं, तोंडी आणि भराभर. चुकलात की पुन्हा १०२२ पासून सुरुवात. परीक्षकांना चेहरा कोरा ठेवायचं शिक्षण दिलेलं असतं. मान डोलावणं नाही, हसणं नाही. कुणी मारत नाही, ओरडत नाही, तरी बहुतेकांच्या शरीरात कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाच्या वेळी स्रवणारं संप्रेरक, चढतं. २००४ मध्ये प्रयोगशाळेत ताण देणाऱ्या वेगवेगळ्या २०८ प्रयोगांचा एकत्रित आढावा निघाला. जिथे लोक आपलं मूल्यमापन करत असतात आणि निकाल आपल्या हातात नसतो, तिथे हे संप्रेरक सर्वांत जास्त चढतं आणि उतरायलाही सर्वांत जास्त वेळ घेतं, असं त्यात दिसलं.

आता असा कोरा चेहरा एखाद्या मुलाने वर्षानुवर्षं आपल्याच घरात पाहिला असेल, तर? 'देव माझा स्वीकार करतो' हे वाक्य त्याला आज पटतं, पण त्याचं शरीर लाज शिकलं ते माणसांच्या चेहऱ्यांसमोर. एका वाक्याने ते शिकलेलं पुसलं जाईल अशी अपेक्षा करणं त्याच्यावर अन्याय आहे. त्याला वेगळे चेहरे पाहायला मिळावे लागतात, आणि तेही पुन्हा पुन्हा.

बागेतला प्रश्न

बायबलची सुरुवातीची पानं या नजरेने वाचली तर चकित व्हायला होतं. पाप घडण्याच्या आधीचं, उत्पत्ती या पहिल्या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायातलं शेवटचं वाक्य असं आहे, की आदाम आणि त्याची स्त्री नग्न होती, तरी त्यांना संकोच वाटत नव्हता. तिसऱ्या अध्यायात फळ खाल्ल्यावर ती दोघं पहिल्यांदा करतात काय? देवाची क्षमा मागत नाहीत. अंजिराची पानं शिवून स्वतःला झाकतात आणि झाडांमागे लपतात. सापडल्यावर आदाम स्त्रीकडे बोट दाखवतो (खरं तर देवाकडेच: 'तू दिलेली स्त्री'), आणि स्त्री सापाकडे. झाकणं, लपणं, दुसऱ्यावर ढकलणं: गुपित फोडणारा तो मित्र याहून वेगळं काही करत नव्हता.

देवाचा पहिला प्रश्न मात्र 'काय केलंस?' असा नाही. तो विचारतो, 'तू कोठे आहेस?' कृत्याचा हिशेब नंतर होतोच, आणि तो कडक होतो. बागेबाहेर जावं लागतंच. पण बाहेर पाठवण्याआधी देव त्यांना चामड्याची वस्त्रं करून घालतो. शिक्षा माफ झालेली नाही आणि तरीही अंग झाकलं गेलं आहे, या दोन गोष्टी एकाच प्रसंगात शेजारी शेजारी आहेत. खंतेचा आणि लाजेचा हिशेब वेगवेगळा होतो याचा इतका जुना दाखला असताना आपण तो क्वचितच वापरतो.

मुलाचं अर्धवट राहिलेलं भाषण

लूकच्या शुभवर्तमानाच्या (येशूचं चरित्र सांगणाऱ्या चार पुस्तकांपैकी एकाच्या) पंधराव्या अध्यायातली, बापाकडून वाटा घेऊन तो उडवणाऱ्या आणि शेवटी डुकरं राखायची वेळ आलेल्या उधळ्या पुत्राची गोष्ट सगळ्यांना पाठ असते, म्हणूनच तिच्यातला एक बारकावा निसटतो. डुकरांमध्ये बसून तो मुलगा घरी गेल्यावर काय बोलायचं त्याची तयारी करतो. भाषणाचे तीन भाग आहेत: मी पाप केलं आहे, तुमचा मुलगा म्हणवून घ्यायला मी योग्य नाही, मला एखाद्या मोलकऱ्यासारखं ठेवा. पहिला भाग खंतेचा आहे आणि तो खरा आहे. दुसरा लाजेचा. तिसरा म्हणजे लाजेने सुचवलेली तडजोड: घरात घ्या, पण मुलगा म्हणून नको, कामाला ठेवा.

प्रत्यक्ष घराजवळ पोचल्यावर त्याचे पहिले दोन भाग बोलून होतात. तिसरा तो बोलतच नाही. त्याआधीच बाप चाकरांना झगा, अंगठी आणि पायतण आणायला सांगू लागतो. बापाने त्याला मिठी मारली तीही भाषण सुरू होण्यापूर्वी, तो अजून दूर असताना धावत जाऊन. पाप केलं ही गोष्ट बाप खोडून काढत नाही. मोलकरी होण्याची गोष्ट मात्र तो ऐकूनही घेत नाही.

कितीतरी श्रद्धाळू माणसं ते तिसरं वाक्य आयुष्यभर घोकत असतात. मंडळीत, म्हणजे आपल्या चर्चमध्ये, सगळ्यात जास्त राबतात, प्रत्येक कामाला पुढे असतात, कधी थकलो म्हणत नाहीत. लोक त्याला सेवाभाव म्हणतात, आणि पुष्कळदा तो असतोही. पण काहींच्या बाबतीत ते मोलकरीपण असतं: राबतोय तोवर घरात जागा आहे, अशी खात्री करून घेणं. सुट्टी घेतली की ज्याला अपराध्यासारखं वाटतं, त्याने हे एकदा तपासून पाहावं.

चव्हाट्यावरचा मृत्यू

वधस्तंभाबद्दल आपण पापाचं मोल चुकवलं गेलं या भाषेत बोलतो. पहिल्या शतकातल्या माणसाला आणखी एक गोष्ट आधी दिसली असती: बेअब्रू. रोमी राज्यात वधस्तंभाची शिक्षा गुलामांना आणि बंडखोरांना देत, रहदारीच्या जागी, विवस्त्र करून, येणाजाणाऱ्यांनी हिणवावं अशा बेताने. इसवीसनापूर्वी ६३ मध्ये रोमी वक्ता सिसेरोने न्यायालयात म्हटलं होतं की वधस्तंभ हा शब्दसुद्धा रोमी नागरिकाच्या विचारांत, डोळ्यांसमोर आणि कानांवर येऊ नये.

रोममधल्या पॅलाटाइन टेकडीवर १८५७ मध्ये गिलाव्यावर ओरखडून काढलेलं एक चित्र सापडलं. ते साधारण इसवीसन २०० च्या आसपासचं मानतात. खांबावर टांगलेली, गाढवाचं डोकं असलेली आकृती, तिच्यासमोर हात वर केलेला एक तरुण, आणि खाली ग्रीकमध्ये ओबडधोबड मजकूर: अलेक्झामेनोस देवाची पूजा करतो आहे. टवाळी आहे, उघड. ज्याला अशी बेइज्जतीची मौत आली त्याला देव मानणारा माणूस सोबत्यांच्या हसण्याचा विषय होणारच. शेजारच्या एका खोलीत वेगळ्या हाताने लॅटिनमध्ये लिहिलेलं आढळलं, 'अलेक्झामेनोस विश्वासू'. ते कुणी लिहिलं कळायला मार्ग नाही. तो स्वतः असेल तर मला तो फार आवडतो.

बायबलमधल्या इब्री लोकांस पत्राच्या बाराव्या अध्यायात येशूने 'लज्जा तुच्छ मानून' वधस्तंभ सोसला असं म्हटलं आहे. त्याला लाजवण्याचा प्रयत्न झाला नाही असा याचा अर्थ नव्हे. सगळं केलं गेलं, पण त्या गर्दीच्या निकालाला त्याने स्वतःबद्दलचा शेवटचा शब्द होऊ दिलं नाही. उघडं पाडलं जाणं काय असतं ते ज्याला आतून ठाऊक आहे, अशा कुणाशी आपण प्रार्थनेत बोलतो, ही गोष्ट लाजेने ग्रासलेल्या माणसासाठी कोरड्या क्षमेपेक्षा जवळची ठरते.

विस्तवाजवळ, दुसऱ्यांदा

येशूला पकडून नेलं त्या रात्री त्याचा शिष्य पेत्र महायाजकाच्या अंगणात कोळशांच्या विस्तवाजवळ शेकत उभा होता. तिथे त्याने तीनदा सांगितलं की मी त्याला ओळखत नाही. लूक लिहितो की प्रभूने वळून त्याच्याकडे पाहिलं आणि पेत्र बाहेर जाऊन मोठ्या दुःखाने रडला. पुढे पुनरुत्थान होतं, म्हणजे येशू मरणातून उठतो, पेत्राला भेटतोही, पण योहानाच्या शुभवर्तमानाच्या शेवटच्या अध्यायात पेत्र पुन्हा मासे धरायला निघालेला दिसतो.

पहाटे किनाऱ्यावर येशू उभा असतो, आणि तिथे कोळशांचा विस्तव पेटवलेला असतो. चारही शुभवर्तमानांत असा विस्तव या दोनच ठिकाणी येतो, आणि दोन्ही वेळा योहानाकडे. आधी खाणं होतं. मग इतर शिष्यांदेखत येशू पेत्राला तीनदा विचारतो, माझ्यावर प्रीती करतोस काय? तिसऱ्यांदा पेत्र दुःखी होतो. 'झालं ते विसरून जा' असं येशू म्हणत नाही. जिथे मान खाली गेली होती तसल्याच जागी, तितक्याच वेळा, तो त्याला बोलतं करतो, आणि दर उत्तरानंतर मेंढरांची जबाबदारी देतो.

अनुभवी समुपदेशकाला यात ओळखीचं काही दिसेल. लाजेची आठवण टाळत राहिलं तर ती आहे तशीच राहते. पोट भरलेलं असताना, सुरक्षित माणसासमोर, घाई न करता तिच्याकडे परत गेलं, की तीच आठवण आधीइतकी झोंबत नाही. मात्र हे ज्याचं त्याने, तयार असताना करायचं असतं. कुणाला ओढत नेऊन नव्हे.

ज्याचा दोषच नाही, त्याला कसली क्षमा?

इथे सगळ्यात जास्त नुकसान होतं. ज्याच्यावर लहानपणी अत्याचार झाला, जो मार खात वाढला, ज्याच्या घरात व्यसन होतं, त्यालाही लाज वाटते, बऱ्याचदा अत्याचार करणाऱ्यापेक्षा जास्त. अशा माणसाला 'देवाकडे क्षमा माग' असं सांगणं म्हणजे गुन्हा त्याच्या नावावर चढवणं. 'तू त्याला क्षमा कर' हे पहिल्याच भेटीत सांगणंही तसलंच.

४१० मध्ये रोमची लूट झाली तेव्हा अनेक ख्रिस्ती स्त्रियांवर बलात्कार झाले आणि काहींनी लाजेपायी जीव दिला. त्या काळचा बिशप आणि विचारवंत ऑगस्टीन याने त्यावर स्पष्ट लिहिलं: दुसऱ्याच्या वासनेने तुम्ही मलिन होत नाही, पावित्र्य मनात असतं आणि ते कुणाला बळजबरीने काढून घेता येत नाही. सोळाशे वर्षं झाली, आणि अजूनही कुठल्या ना कुठल्या मंडळीत हे नव्याने पटवून द्यावं लागतं.

मार्कच्या पाचव्या अध्यायात बारा वर्षं रक्तस्राव सोसणारी स्त्री गर्दीत मागून येऊन येशूच्या वस्त्राला शिवते आणि बरी होते. यहूदी नियमशास्त्राप्रमाणे ती अशुद्ध होती, तिचा स्पर्शही, म्हणून मागून. तिने पाप केलं नव्हतं आणि येशू पापाचं नावही काढत नाही. ती गुपचूप निघून गेली असती तरी शरीर बरं झालेलंच होतं. पण तो थांबतो, कोण शिवलं म्हणून विचारतो, तिचं सगळं ऐकून घेतो आणि सर्वांदेखत तिला 'मुली' म्हणतो. तिला दूर ठेवलं गेलं होतं चारचौघांत. जवळही चारचौघांतच घेतलं गेलं.

लाज गेली तर माणूस बेताल होणार नाही का?

हा आक्षेप प्रामाणिक आहे. काही लाज उपयोगी असतेही. दुसऱ्याची मर्यादा राखायला ती क्षणभर आठवण देते. प्रश्न मुक्काम ठोकून बसलेल्या लाजेचा आहे. माणूस सुधारतो तो तिच्यामुळे, हे अभ्यासांत दिसत नाही. मानसशास्त्रज्ञ जून टॅंग्नी आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या चारशेहून जास्त कैद्यांचा अभ्यास करून २०१४ मध्ये निष्कर्ष मांडले. ज्यांना खंत जास्त वाटत होती ते सुटकेनंतरच्या पहिल्या वर्षात गुन्ह्याकडे कमी वळले. लाजेचा एकूणात असा फायदा दिसला नाही: लाजेपोटी जिथे दोष दुसऱ्यावर ढकलला जात होता तिथे पुन्हा गुन्हा होण्याची शक्यता वाढली, तो ढकलला जात नव्हता तिथे मात्र लाजेनेही आवर घातला.

प्रेषित पौलाने करिंथ शहरातल्या मंडळीला लिहिताना दोन प्रकारची दुःखं वेगळी केली आहेत: एक पश्चात्तापाकडे नेणारं, दुसरं मरणाकडे. एकाच रात्री दोन शिष्य घसरले. येशूला पकडून देणाऱ्या यहूदाने त्याबद्दल मिळालेली चांदीची नाणी परत नेऊन टाकली, मी पाप केलं असं तोंडाने कबूलही केलं, पण ज्यांच्याकडे गेला ते म्हणाले, त्याचं आम्हाला काय? तो एकटाच निघून गेला आणि त्याने गळफास घेतला. पेत्र रडला, पण सोबत्यांमध्ये राहिला.

हे तर मानसशास्त्र झालं, श्रद्धा कुठे गेली?

समुपदेशकाकडे जाणं म्हणजे देवावर अविश्वास, असं मानणारे अजून आहेत. बायबलमधला संदेष्टा एलीया झुडपाखाली बसून मरण मागत होता तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. भाकर आणि पाणी दिलं, झोपू दिलं, पुन्हा उठवून खायला दिलं. बोलणं त्यानंतर, बऱ्याच वाटचालीनंतर झालं. लाजेबरोबर झोप उडाली असेल, खाणं सुटलं असेल, व्यसन लागलं असेल तर प्रार्थनेच्या जोडीला डॉक्टर किंवा प्रशिक्षित समुपदेशक हवाच. आणि जगणं नकोसं वाटत असेल तर त्याच दिवशी जवळच्या माणसाला सांगून मदत घ्यावी, रविवारची वाट पाहू नये.

दुसरी शंका स्वतःशी मायेने वागण्याबद्दल असते: हा अहंकार नाही का? मानसशास्त्रज्ञ क्रिस्टिन नेफ यांनी २००३ पासून या विषयावर जे काम केलं त्यात याचा अर्थ स्वतःची पाठ थोपटणं असा नाही. चुकलेल्या मित्राशी आपण जसं बोलू तसं स्वतःशी बोलणं, एवढाच आहे. 'शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती कर' ही आज्ञा पाळणारा माणूस स्वतःला दिवसरात्र शिव्या घालत असेल, तर शेजाऱ्याचं काय होईल याचीच काळजी वाटते.

कुणाला सांगायचं

याकोबाच्या पत्रात म्हटलं आहे की तुम्ही बरे व्हावं म्हणून आपली पापं एकमेकांजवळ कबूल करा. क्षमा देवाकडून मिळते, मग एकमेकांजवळ कशाला? माझं वाचन असं, की बरं होण्यासाठी माणसाचा चेहरा लागतो. पण 'एकमेकांजवळ' म्हणजे व्यासपीठावरून सगळ्यांसमोर नव्हे. सक्तीच्या जाहीर साक्षीने किती माणसं कायमची दुरावली असतील! कॅथलिक परंपरेत धर्मगुरूने पापनिवेदनात ऐकलेलं कुठल्याही कारणाने बाहेर सांगायचं नसतं, आणि ते उगाच नव्हे.

एक माणूस पुरे. दुसऱ्यांची गुपितं तुमच्याकडे आणून ओतणारा नको. ऐकताना लगेच बायबलमधलं वचन काढणारा नको. 'हे तर काहीच नाही, माझं ऐक' म्हणणारा तर नकोच. पहिल्या वेळी सगळं सांगायचीही गरज नाही. एक छोटा तुकडा सांगून बघावा, तो माणूस तो कसा धरतो ते पाहावं. बोलणं जमत नसेल तर बायबलमधल्या स्तोत्रांपासून सुरुवात करता येते. बत्तिसाव्या स्तोत्रात गप्प राहिल्याने हाडं झिजल्याची तक्रार आहे. ती मोठ्याने वाचणं हेही तोंड उघडणंच आहे.

आणि तुम्हाला कुणी सांगितलं तर? चेहरा कोरा ठेवू नका, ट्रियरचे परीक्षक आठवा. धक्का बसला तरी नजर काढून घेऊ नका. 'सांगितलंस ते बरं केलंस' एवढं म्हटलं तरी चालतं. सल्ला मागितल्याशिवाय देऊ नका. सांगून गेलेल्या माणसाची त्या रात्री बहुधा झोप उडते. आता हा माझ्याबद्दल काय विचार करत असेल, या विचाराने तो तळमळतो. म्हणून दुसऱ्या दिवशी तुम्ही होऊन फोन करा, आणि कालचा विषय सोडून एखाद्या नेहमीच्या कामाबद्दल बोला.